काठातला सुबराव

वडगावच्या विणकर गल्लीत अंजनीच्या आधी तिचा आवाज घरात शिरायचा. "अगं, चहा टाकलास का, का मी परत जाऊ?" असं दारातूनच ओरडत ती यायची, पदर खोचायची, चुलीतली चिमूटभर राख घ्यायची आणि मागाच्या खड्ड्याशेजारी मांडी घालून बसायची. तिचं काम सांधणीचं. मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला, की त्याच्या शेवटाला नव्या ताण्याचा एकेक धागा पीळ देऊन जोडायचा. बोटाला राख लावून ती असा पीळ द्यायची, की धागा तुटेल पण सांधा सुटायचा नाही. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. नम्रपणा म्हणजे काय, ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

या कामात हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. त्यामुळे या घरात पाहिलेलं त्या घरात सांगणं हा सांधणीचाच भाग होऊन बसला होता. ती बसली की घरधनी विचारायचा, "काय नवं, आक्का?" मग तिची गाडी सुटायची. यल्लाप्पानं आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला मेण लावून बघितलं, चांगलं पळतोय म्हणे. पलीकडच्या घरी खळीत तांदळाचं पीठ घातलं आणि धागे भाकरीसारखे कडक झाले, तेव्हा तसं करू नका. लोक तिला तारमास्तरीण म्हणायचे. ती चिडायची नाही. उलट तार वेळेवर पोचली नाही, तर तिलाच चुकल्यासारखं व्हायचं.

आणि गल्ली तरी कशी! मोठ्यानं हाक मारली की ऐकू जाईल एवढ्या अंतरात सगळं. मागाच्या फण्या बांधणारा गुंडू या टोकाला, माग करणारा भरमू सुतार मध्ये, रेशीम रंगवणारी जयाबाई विहिरीजवळ. शेजारचं शहापूर सांगली संस्थानचं, पलीकडचा कॅम्प गोऱ्या साहेबाचा, पण मागाच्या खटखटीला हद्द कोण सांगणार? शहापुरात दुपारी काही नवं निघालं, की दिवेलागणीला ते वडगावात आलेलं असायचं.

गल्लीची एक रीत होती. नव्या तऱ्हेनं विणलेलं पहिलं कापड घरी ठेवायचं नाही. मंगाईच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर एक दगडी कट्टा होता, तिथं दोरीवर ते टांगायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबून त्यात खोड काढायची. खोड काढील त्याला चुरमुऱ्याची मूठ, नुसती वाहवा करील त्यानं हात हलवत जायचं. विणणाऱ्यानं उलटून एक शब्द बोलायचा नाही. आणि ज्यानं खोड काढली, त्यानं ती निस्तरायलाही हात लावायचा. बाहेरून आलेल्याला हे भांडण वाटायचं. गल्लीत मात्र याच भांडणावर पोटं चालत होती.

अंजनीचा नवरा सुबराव हातानं कसबी आणि मनानं रुसका. सदा काहीतरी जोडत-मोडत बसलेला. कांड्या भरायच्या रहाटाला पायानं चालवायची पावडी पहिल्यांदा त्यानंच लावली. कट्ट्यावर खोडी निघाल्या, निस्तरल्या, आणि बघता बघता घरोघरी तशा पावड्या झाल्या. पण 'ही सुबरावची पावडी' असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. ते त्याला लागलं, चांगलंच लागलं.

"माझं डोकं आणि ह्यांचं काम," तो म्हणाला. "आता जे करीन त्याला माझं नाव लागल्याबिगर गल्लीला दाखवनार न्हाय."

एकोणीसशे तीस-बत्तीसच्या सुमाराला त्यानं ते केलंही. त्या वेळी लुगड्याच्या रुईफुली काठाची नक्षी उठवायची, तर विणणाऱ्याशेजारी आणखी एक माणूस धाग्यांच्या दोऱ्या ओढत बसायचा. सुबरावनं खुंट्यांची लाकडी चौकट बसवली. पावडी दाबली की खुंट्या फिरायच्या आणि नक्षीपुरतेच धागे आपसूक उचलले जायचे. खुंट्या भरमूकडून करून घेतल्या, पण पाळण्याच्या म्हणून. सुबरावच्या घरात पाळणा हलायचं वय केव्हाच उलटून गेलं होतं, तरी भरमूनं मिशीत हसत करून दिल्या. अंजनीला नवऱ्यानं मंगाईची शपथ घातली. घरोघरी फिरायचं, सगळ्यांचं ऐकायचं आणि स्वतःच्या घरातलं सांगायचं नाही! तिचं पोट दुखायला लागलं, खरंच दुखायला लागलं.

अशातच निपाणीचे आण्णाप्पा सावकार लग्नाची खण-लुगडी पाहायला बेळगावात आले. तंबाखूचे मोठे व्यापारी, मनानंही मोठे. आपल्या गावात तंबाखूशिवाय काही पिकत-बनत नाही, याची त्यांना खंत होती. सुबरावनं त्यांना एकट्यांना चौकट दाखवली.

सावकार खूश झाले. "निपाणीला चला. माझी एक वखार रिकामी हाय. सूत, रेशीम, राहायला घर, सगळं देतो. वडगावातच माग का असावेत? माघात माझ्या लेकीचं लग्न. पयलं लुगडं तिच्या अंगावर, आणि जो पाहुणा इचारंल त्याला मी सांगीन, हा सुबरावी काठ."

सुबरावी काठ! या एका शब्दावर सुबरावनं बिऱ्हाड बांधलं. गल्लीला सांगितलं, पाहुण्यांकडं जातोय. चौकट गाडीत तळाशी, वर गोधड्या. कट्ट्यावर काहीही न टांगता, खरं काय ते न सांगता विणकराचं घर गल्लीतून गेलं, असं आधी कधी झालं नव्हतं.

निपाणीत सावकारानं शब्द पाळला. वखार हवेशीर, सूत उत्तम. फक्त भिंतींत मुरलेला तंबाखूचा उग्र वास जाईना. अंजनी सांधायला बसली की शिंकायची, आणि शिंकली की हातातला धागा तुटायचा. फणीचा एक दात वाकला, तो सरळ करायला गावात कुणी नव्हतं. लोहार भला माणूस, बैलगाडीच्या धावा बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण फणी बघून त्यानं हात जोडले. रेशीम सुबरावनं स्वतःच रंगवलं आणि सुताबरोबर त्यालाही खळ दिली. चौकट मात्र चालली. खुंट्या फिरल्या, रुईफुलं उठली. पहिलं लुगडं मागावर असताना सुबराव मोरासारखा वखारीत हिंडत होता.

लुगडं मागावरून उतरलं आणि काठ आखडला. दोन्ही काठ ओढले गेले, मधल्या अंगात झोळ पडला. अंथरलं तर कडा वर आलेल्या परातीसारखं दिसायचं. सुबरावनं धुतलं, दगडाखाली दाबून ठेवलं, दुसरं विणलं. तेही तसंच. लग्न जवळ येत चाललं. मग सुबरावचं बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं, आणि एक दिवस तो लाकूड तासायचा वाकस घेऊन चौकटीसमोर उभा राहिला.

"फोडतो आणि जाळतो. माझ्यात काय न्हायच."

अंजनीनं वाकस काढून घेतला. त्याला जेवायला वाढलं. पण तिचंही मन ठिकाणावर नव्हतं. इथं एकच माग. सांधणी संपली की हात रिकामे, आणि पाहिलेलं सांगायला पुढचं घर नाही. 'काय नवं, आक्का?' असं विचारणारं कुणी नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एकटं वाटलं.

त्या दुपारी ती सावकाराच्याच शेजारच्या वखारीत जाऊन बसली. तिथं बायका तंबाखू निवडत होत्या. शालूबाई नावाच्या एकीनं पान नाकाशी धरलं आणि बाजूला टाकलं. दुसरी उसळली, "चांगलं हाय की गं!" तिसरी म्हणाली, दव लागलंय. चौथी म्हणाली, दव नव्हे, गंजीत तापलंय. चौघी जणू एकमेकींच्या झिंज्या उपटणार. शेवटी सगळ्यांनी हुंगलं, पान दोन बोटांत चुरलं आणि शालूबाईचं खरं ठरलं.

"तुला एकटीला कळतं व्हय गं हे?" अंजनीनं विचारलं.

"एकटीला कसं कळंल?" शालूबाई हसली. "पोरगी होते तवापास्नं ह्या तिघीजणी मला चुकीची म्हनत्यात, म्हनून कळतं."

अंजनी उठली ती तडक घरी आली. तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं होतं. इतकी वर्षं ती समजत होती, की आपण घरोघरी चहाड्या वाहतो. वडगावचा धंदाच आपण वाहत होतो की! सुबरावचं डोकं इथंही तेच होतं, हात तेच होते. इथं त्याला चुकीचा म्हणणारी माणसं नव्हती. तिनं लुगड्याची घडी केली आणि धडप्यात बांधली.

"कुठं निघालीस?"

"कट्ट्यावर. टांगते."

सुबराव ताडकन उठला. "अंजने, त्यांच्यापुढं हे टांगलंस तर तुझं तोंड बघनार न्हाय."

"नका बघू. लुगडं तरी सरळ हुईल," ती म्हणाली आणि बेळगावला जाणारी सर्व्हिस मोटार धरली.

कट्ट्यावर लुगडं टांगून, चुरमुऱ्याची बुट्टी पुढ्यात घेऊन अंजनी बसली. कुणी येईना. लोक लांबून बघायचे आणि मान फिरवून जायचे. विहिरीवरून जयाबाई घागर घेऊन गेली, तिनंही पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ज्या घरांत अंजनी हुकूम करून चहा प्यायची, त्या घरांची दारं आज जरा ओढून घेतलेली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उठली नाही. आपण चोरून गेलो होतो, गल्ली रागावली तर काय चुकलं?

उन्हं कलली तेव्हा भरमू सुतार आला. लुगड्याभोवती एक फेरी मारली, मधला झोळ हातात उचलून धरला.

"पाळणा बरा झुलतोय की ह्यात," तो म्हणाला.

कुणीतरी खुसकन हसलं, आणि तिथून बांध फुटला. यल्लाप्पा आला, गुंडू आला, जयाबाई घागर उतरवून आली. खोडींचा नुसता पाऊस! रेशमाला खळ कुठल्या शहाण्यानं दिली? फणीत काठाचे धागे असे कोंबलेत जणू जत्रेची गर्दी. नक्षी मोठी, बुद्धी छोटी. रीतीप्रमाणं अंजनीला उलटून बोलता येत नव्हतं, आणि तिच्यासाठी याहून मोठी शिक्षा नव्हती. प्रत्येक शब्दाला जीभ शिवशिवायची. अखेर तिनं आपल्याच तोंडात चुरमुऱ्याचा बकाणा भरला आणि ऐकत राहिली.

यल्लाप्पानं काठ ताणून सोडला, पुन्हा ताणून सोडला. "रेशीम ताणलं की लांबतं, सोडलं की आखडतं. सूत तसं न्हाय. दोन्ही एकाच तुळईवर गुंडाळून एकाच ताणानं ओढलंय. मागावर हाय तवर दिसायचं न्हाय, उतरलं की रेशीम आपल्या वळनावर जानार."

"मग काठाला येगळी तुळई," भरमू म्हणाला. "बारकी, हलक्या वजनाची. पन त्या खुंट्यांचं काय केलंय ते बघितल्याबिगर कशी बसवू? कुठं हाय ते?"

"निपाणीत हाय," गर्दीच्या मागून आवाज आला. "उद्याच्याला आनतो."

सुबराव होता तो. पुढच्याच मोटारीनं आला होता आणि किती वेळ मागं उभा राहून ऐकत होता कोण जाणे. अंजनीच्या तोंडात चुरमुरे होते, म्हणून तिला रडतासुद्धा येईना. भरमूनं बुट्टीतली एक मूठ उचलून सुबरावच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी चौकट आली आणि भरमूच्या पडवीत माग बसला. ज्यानं खोड काढली तो निस्तरायला हजर. जयाबाईनं रेशीम नव्यानं रंगवून बिनखळीचं दिलं. गुंडूनं फणीची काठाकडची घरं विरळ केली. भरमूनं बारकी तुळई बसवली, यल्लाप्पानं तिला वजनासाठी दगड बांधला. लुगडं उतरलं, आणि काठाला झालर! आता तो उलट सैल पडला होता. गल्ली पोट धरून हसली, सुबरावसुद्धा हसला. मग प्रत्येकानं आपापला दगड आणला. कुणी म्हणे हा घाल, कुणी म्हणे तो, आणि वजनावरून अशी जुंपली की पलीकडच्या शहापुरातून माणसं भांडण सोडवायला आली आणि स्वतःच्या दगडाची शिफारस करायला लागली. शेवटी कुणाचा दगड लागला, यावर आजही एकमत नाही. पण त्यानंतर उतरलेलं लुगडं भुईवर टाकलं, तर पाण्यासारखं सपाट पसरलं.

आण्णाप्पा सावकार स्वतः न्यायला आले. काठावरून त्यांनी बोट फिरवलं, नुसतं बघत राहिले.

"कुनी जमवलं हे? त्या मानसाला निपाणीला द्या माझ्याकडं."

"कुनाकुनाला न्हेनार, सावकार?" अंजनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आता कापड टांगलेलं नव्हतं, तेव्हा तिचं तोंड मोकळं होतं. "गुंडूला न्ह्याल, तर त्याला जयाबाई लागती. जयाबाईला ही इहीर लागती. भरमूला रोज उठून टोमना मारायला यल्लाप्पा लागतो. आणि समद्यांस्नी मी लागते. अख्खी गल्ली मोटारीत बसंल व्हय?"

सावकार मनापासून हसले. "खरं हाय बाई. माझी शालूबाई उचलून हितं आनून बसवली, तर ती तरी काय हुंगनार? वखार बांधली की झालं, असं वाटलं हुतं मला." जाताना त्यांनी वळून विचारलं, "मग पाहुण्यांस्नी नाव काय सांगू काठाचं?"

सुबरावनं तोंड उघडलं. एवढ्या साऱ्या खटाटोपाचं मूळ त्या एका शब्दात होतं. त्याची नजर फणीनं कापलेल्या गुंडूच्या बोटावर गेली, जयाबाईच्या रंगलेल्या हातांवर गेली. मग त्यानं भरमूकडं बघितलं.

"वडगावी म्हना," भरमूनं सांगून टाकलं. आणि काठ व्यापाऱ्यांत त्याच नावानं फिरला.

सुबरावचं नाव अगदीच राहिलं नाही, असं मात्र नाही. गल्ली भारी वात्रट. काठ जरा आखडला, की लोक म्हणू लागले, "बघ, सुबराव पडला." दुरुस्त केलं, की म्हणायचे, "सुबराव काढला." ज्याच्या नावाचा काठ व्हायचा, त्याच्या नावाचा दोष झाला. सुबराव संतापला. कितीतरी दिवस कट्ट्याकडं फिरकला नाही. अंजनी त्याच्या बाजूनं घरोघरी भांडली, पण तिची वेगळीच पंचाईत. काठ आखडलेला दिसला तरी सांगायचा कसा? नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? "आमचे ते पडलेत काठात," असं ती खालच्या मानेनं म्हणायची, आणि बायका हसून हसून मागावरून खाली यायच्या.

वर्षं गेली. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या रवळूच्या घरी विजेचा माग आला. त्याचा खडखडाट ऐकायला येळ्ळूरपासून लोक येत होते. त्याच्या शेजारच्या हातमागावर सांधणीला अर्थातच अंजनी. सोबत पांढऱ्या मिशांचा सुबराव, नवा माग बघायचा म्हणून. रवळू बाजारात गेलेला. घरात त्याची नवी सून, बेळगुंदीची पोर, या दोघांना न ओळखणारी, कपाळाला हात लावून बसलेली.

"काय झालं गं?" सुबरावनं विचारलं.

"मामा, सुबराव पडतोय ह्यात. सकाळधरनं बघतीय, जात न्हाय."

अंजनीच्या बोटांत धागा तसाच राहिला. तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"सुबराव म्हंजी कोन गं?" सुबराव शांतपणे म्हणाला.

"कोन न्हाय वो, दोष हाय तो. रेशमाला सुताचा ताण दिला की पडतो. आमच्या सासूबाईंनी पयल्याच दिवशी सांगितलंय, काठाची तुळई येगळी आणि वजन हलकं, मग सुबराव येत न्हाय. पन हे यंत्राचं वजन कसं हलकं करायचं, ते कळंना मला."

सुबराव पुढं झाला. मागाशी वाकला, यंत्र थांबवायला लावलं, काठाच्या तुळईवर हात ठेवून बराच वेळ धागे चाचपले. मग तुळईच्या पट्ट्याला लावलेलं लोखंडी वजन त्यानं जरा आत सरकवलं, पुन्हा काढलं, पुन्हा सरकवलं. पोरगी शेजारी उभं राहून खोडी काढत होती, "लई आत गेलं मामा, आता झालर हुईल," आणि तिचं खरं होतं. त्यानं निमूट वजन मागं घेतलं. माग सुरू झाला. चार बोटं कापड विणून झाल्यावर ताण सोडून बघितलं, तर काठ सरळ.

अंजनीनं पोरीला न्याहाळलं. कुठली कोण बेळगुंदीची पोर, तिला हा माणूस ठाऊक नाही, त्याचं रुसणं ठाऊक नाही, निपाणी ठाऊक नाही. पण निपाणीच्या वखारीत जे चुकलं आणि कट्ट्यावर जे सुधारलं, ते सगळं तिला माहेरून आणल्यासारखं तोंडपाठ होतं. आणि त्या सगळ्याला आपल्या नवऱ्याचं नाव होतं.

"निघाला की वो सुबराव!" पोरगी टाळी वाजवून म्हणाली. "मामा, तुमचं नाव काय म्हनायचं? मामंजी आल्यावर सांगते, कुनी काढला ते."

सुबरावनं खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसले. अंजनीकडं एकदा बघितलं.

"सांग की, गल्लीतल्या मानसानं काढला," तो म्हणाला आणि पायताण घालून बाहेर पडला.

अंजनीनं सांधणी पुरी केली. मग चहासाठीसुद्धा न थांबता ती पुढच्या घरी गेली, आणि दारातूनच ओरडली, "अगं, काय नवं ते मला इचार आधी!"